तळ्याच्या बांधात मस्करॅट शिरलाय, बांध पोखरतोय. काय करावं?

ओहायोकर (१४ सप्टेंबर)

नमस्कार मंडळी. विषय जरा विचित्र आहे, पण इथे तळी, धरणं, शेतीवाले लोक आहेत म्हणून विचारतो.

तीन वर्षांपूर्वी आम्ही ओहायोत गावाबाहेर घर घेतलं. मागे पाऊण एकराचं तळं आहे. तीन बाजूंना जमीन नैसर्गिक चढाची, पूर्वेला मातीचा बांध. लांबी साधारण १२० फूट. बांधाच्या पलीकडे उतार, मग शेजाऱ्याचं कुरण. घर घेताना इन्स्पेक्शनवाल्याने बॉयलर पाहिला, छत पाहिलं, तळ्याकडे नुसती मान हलवून "सुंदर" म्हणाला.

मागच्या शनिवारी मी बसायच्या मोवरने बांधावरचं गवत कापत होतो. पुढचं डावं चाक एकदम खाली गेलं. मोवर तळ्याच्या बाजूला कलला, मी दुसऱ्या बाजूला उडी मारली. मोवर आत गेला नाही हे नशीब. चाक बाहेर काढून पाहिलं तर गवताच्या थराखाली बादली मावेल एवढी पोकळी. वर जेमतेम चार बोटं माती. आत वाळलेल्या पाणकणसाची पानं नीट अंथरलेली, म्हणजे कोणाचा तरी संसार.

मी त्यात आधी खडी टाकली. नंतर कॉंक्रीटच्या तयार मिश्रणाच्या चार पिशव्या ओतल्या. छान गुळगुळीत करून वर हिरवळ लावली. सहा दिवसांनी तिथून पाच फुटांवर दुसरा खड्डा.

प्राणीही दिसलाय. संध्याकाळी पाण्यात व्ही आकाराची रेघ काढत जातो, मागे शेपूट सापासारखी वळवळते. मला आधी बीव्हरचं पिल्लू वाटलं. शेजारी म्हणाला, मस्करॅट. मुलीने (वय ८) त्याचं नाव मोतीराम ठेवलंय आणि बायकोचं मत आहे की तो गोड दिसतो. दिसतोच. पण माझ्या बांधाचं काय?

प्रश्न तीन. पिंजऱ्यात पकडून दूर कुठेतरी सोडून देता येईल का? नॅप्थलीनच्या गोळ्या किंवा ते आवाजाचं यंत्र चालतं का? आणि बांध खरंच फुटू शकतो, की मी उगाच झोप घालवतोय?

टवाळ (१४ सप्टेंबर)

आपल्याकडे धरण खेकडे फोडतात. तुमच्याकडे मोतीराम. विकसित देश आहे बुवा.

शरयू (१४ सप्टेंबर)

गंमत म्हणून सांगते. इंग्रज अमदानीतले गोरे लोक हिंदुस्थानात 'मस्करॅट' म्हणायचे ते आपल्या चिचुंद्रीला. तिच्या अंगाला तो वास येतो ना. त्यामुळे जुन्या पुस्तकांत भिंतीच्या कडेने पळणारा मस्करॅट दिसला तर तो हा नव्हे. चिचुंद्री किडे खाणारी, ती उंदीरही नाही. हा अमेरिकेचा पाण्यातला, घुशीएवढा, वनस्पती खाणारा. नावातला उंदीर सोडा, याचं नातं वोल नावाच्या आखूड शेपटीच्या गुबगुबीत प्राण्यांशी जास्त.

बांधाबद्दल मला काही कळत नाही. अण्णांना बोलवा कोणीतरी.

निवृत्त_उपअभियंता (१५ सप्टेंबर)

बोलावलंत, आलो. मी पाटबंधारे खात्यात ३१ वर्षं काढली, बहुतेक सगळी मातीच्या कामांवर. सध्या मुलीकडे न्यू जर्सीत आहे, त्यामुळे मस्करॅट प्रत्यक्ष पाहिलाय. आमच्या सोसायटीच्या तळ्यातही आहे.

आधी टवाळरावांना. तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं, त्यात माणसं गेली. खेकड्यांचा विनोद तेव्हा महाराष्ट्रभर झाला. खेकड्यांवर ढकलून जबाबदारी झटकणं चूक होतं, म्हणून लोक चिडले ते बरोबरच. पण त्या थट्टेत एक गोष्ट वाहून गेली, की बिळं करणारा प्राणी मातीच्या बांधाचा शत्रू असतोच. घूस, खेकडा, उंदीर, कोणीही. बांधाची देखभाल नीट असेल तर तो नुकसान करतो. नसेल तर बांध नेतो. इथे अमेरिकेतही उदाहरण आहे. जून २००८ मध्ये मिसिसिपीला पूर आला तेव्हा मिसुरी राज्यात विनफील्डजवळचा पिन ओक नावाचा पूरबांध फुटला. लोकांनी वाळूची पोती रचून वरून वाचवला होता, गेला तो मस्करॅटच्या बिळातून.

तेव्हा ओहायोकर, तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: झोप घालवा, पण थोडीच.

आता तुमच्या कॉंक्रीटबद्दल. रागावू नका, पण तुम्ही केलंत ते दात किडल्यावर ओठाला मलम लावल्यासारखं झालं. तुम्हाला वर दिसलं ते बीळ नाही, ती त्याची झोपायची खोली. दार पाण्याखाली असतं, पाण्याच्या पातळीपासून साधारण अर्धा ते दीड फूट खोल. तिथून पाच-सहा इंच रुंदीचा बोगदा तिरपा वर चढत जातो आणि पाण्याच्या वर कोरड्यात खोली काढतो. तुम्ही खोलीत कॉंक्रीट ओतलंत. बोगदा तसाच राहिला, पाणी त्यात तसंच शिरतंय. शिवाय कॉंक्रीट कडक, माती मऊ. माती आकसली की दोघांत फट पडते आणि पाण्याला त्या फटीतून चालायला आवडतं. मातीच्या बांधात मातीच भरायची असते.

मला चार मापं हवीत. बांधाचा माथा किती रुंद? पाण्याची पातळी माथ्यापासून किती खाली? आतला उतार किती? जादा पाणी जायला काय व्यवस्था आहे? आणि एक काम आजच करा. बांधाच्या बाहेरच्या बाजूला, अगदी पायथ्याला, बूट घालून चालत जा. कुठे ओल लागते का, कुठे गवत इतरांपेक्षा हिरवंगार आहे का, ते पाहा.

ओहायोकर (१५ सप्टेंबर)

अण्णा, धन्यवाद. ओठाला मलम मान्य.

मापं घेतली. माथा ६ फूट. पाणी माथ्याच्या दीड फूट खाली. आतला उतार अगदी उभा, दीड फूट आडवं गेलं की एक फूट खाली. जादा पाण्याला एक उभा पाइप आहे, त्याच्या तोंडावर जाळी. इथे एक कबुली. त्या जाळीत पाणकणसाचे तुकडे येऊन अडकतात. मी महिन्यातून एकदा साफ करतो. जुलैत गावी येऊन गेलो तेव्हा तीन आठवडे राहिलं. परत आलो तर पाणी सात-आठ इंच वर चढलेलं. साफ केल्यावर उतरलं.

बाहेर पायथ्याला चाललो. कोरडं आहे. एका ठिकाणी गवत हिरवं आहे, पण तिथे शेजाऱ्याच्या गाई बसतात.

निवृत्त_उपअभियंता (१६ सप्टेंबर)

गाईंचं हिरवं असेल तर असू दे, पण तिथे एक खुंटी मारून ठेवा. दर पावसानंतर तीच जागा बघायची. ओल आली आणि पाणी स्वच्छ असलं तर लक्ष ठेवायचं. गढूळ आलं तर वाट बघायची नाही, कारण ते पाणी आतली माती बरोबर घेऊन निघालंय. ताबडतोब तळ्याची पातळी उतरवायची आणि खाली राहणाऱ्या माणसाला कळवायचं. आमच्याकडे याला पायपिंग म्हणत.

तुमची खरी गोष्ट त्या जाळीत आहे. बघा कसं. पाणी दीड फूट खाली, म्हणजे मस्करॅटला कोरडी खोली काढायला मिळते दीड फुटाची माती. त्यातली एक फूट खोलीलाच लागते. वर उरतं तुमचं चार बोटांचं छत. त्यात तुम्ही गावी गेलात, पाणी आठ इंच चढलं, त्याच्या घरात पाणी शिरलं. मग तो काय करणार? वर खणणार. तुमचा मोवर खाली गेला कारण तुमच्या जाळीने त्याला वरच्या मजल्यावर ढकललं. आणि जाळी तुंबवणारे तुकडे त्यानेच कुरतडून टाकलेले. त्याचं जेवण पाणकणीस, उष्टं तुमच्या पाइपात.

मस्करॅट असणार हे धरूनच बांधायचा बांध वेगळा असतो. माथा निदान ८ फूट, पाण्याच्या वर ३ फूट माती, आतला उतार ३ फुटांना १. मग तो आला तरी त्याची खोली माथ्याच्या बरीच खाली राहते. उतार सपाट असला की त्याला खोल दार करून वर चढायला लांब खणावं लागतं, तो कंटाळतो. तुमच्याकडे तिन्ही गोष्टी उलट. ज्याने बांधलं त्याने माती वाचवली.

आम्ही नगर जिल्ह्यात एका पाझर तलावावर होतो. ७२ च्या दुष्काळात लोकांनी पाटीने माती वाहून केलेला बांध. आतल्या उताराचं दगडी पिचिंग, म्हणजे उतारावर रचलेला दगडांचा थर, गावकऱ्यांनी हळूहळू घरांच्या जोत्याला नेलं. जिथे दगड गेला नेमक्या त्याच पट्ट्यात घुशी लागल्या, शेजारच्या पिचिंगमध्ये एक बीळ नाही. तिथला म्हातारा चौकीदार मला म्हणाला, "सायेब, घूस बी माणसावानीच हाय, मऊ लागंल तितंच खणती." मी हे वाक्य नंतर दोन अहवालांत घालायचा प्रयत्न केला, वरिष्ठांनी खोडलं.

तर तुम्हालाही दगडच करायचा आहे. पद्धत नंतर लिहितो, इथे जेवायची वेळ झाली.

मिनेसोटा_अप्पा (१६ सप्टेंबर)

अण्णा जेवेपर्यंत पहिल्या दोन प्रश्नांचं मी सांगतो. माझ्याकडे तळं नाही, पण शेजारी जुना ट्रॅपर, म्हणजे सापळे लावून प्राणी पकडणारा माणूस, आहे, त्याच्याबरोबर चार हिवाळे फिरलोय.

नॅप्थलीन, आवाजाचं यंत्र, प्लास्टिकचं घुबड: पैसे पाण्यात. शब्दशः. नॅप्थलीन तर तळ्याजवळ न्यायचंच नाही, ते विष आहे.

पकडून दुसरीकडे सोडणं: बऱ्याच राज्यांत बेकायदा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी विचार करा, तुम्ही सोडाल ते दुसऱ्या कोणाच्या बांधात. किंवा जिथे आधीच दुसरे मस्करॅट आहेत तिथे, आणि ते याला फाडतील.

गावाकडची सवय म्हणून कोणी झिंक फॉस्फाईड (उंदरांचं विष) सुचवण्याआधी: इथे त्यासाठी परवाना लागतो, आणि पाण्याकाठी विष टाकून नेमका मस्करॅटच खाईल याची हमी नाही.

राहिला ट्रॅप. लोक वापरतात तो ११० नंबरचा कोनीबेअर, बिळाच्या तोंडाशी पाण्याखाली लावायचा. प्राणी दारातून जाताना अडकतो आणि लगेच मरतो. ऐकायला वाईट वाटतं, पण पाय धरून ठेवणाऱ्या जुन्या सापळ्यापेक्षा बरा. मात्र मस्करॅट हा कायद्याने फरवाला प्राणी आहे, त्याला हंगाम असतो, परवाना असतो, आणि नुकसान करणाऱ्या प्राण्यासाठी वेगळे नियम असतात. राज्याच्या वन्यजीव खात्याला फोन करा, पाच मिनिटांत सांगतात. मी म्हणेन स्वतः करू नका. त्याच सापळ्यात बदक जातं, मुंगसासारखा दिसणारा मिंक जातो, आणि तुमची आठ वर्षांची मुलगी काठावर खेळते. परवानाधारक माणूस बोलवा. हंगाम सुरू झाल्यावर बोलवलात तर पिल्लांचा काळही सरलेला असतो.

एक उपयोगी खूण: पाणी नितळ असताना सकाळी काठाने चाला. वापरातल्या बिळाच्या तोंडापुढे तळाशी गुळगुळीत घळ पडलेली असते, पाणी गढूळ असतं, कधी बुडबुडे येतात. बाकी तोंडं जुनी.

हॉलंडची_नीता (१६ सप्टेंबर)

आमच्याकडे हा सरकारी विषय आहे. नेदरलँड्सचा बराच भाग समुद्रसपाटीच्या खाली, आणि सगळं बांधांवर उभं. त्यामुळे पाणी मंडळांकडे मस्करॅट पकडणारी पगारी माणसं असतात. पूर्णवेळ नोकरी, होडी, गणवेश. आमच्या कालव्यावर एक बाई यायच्या, गमबूट घालून कालव्यात उतरून पायाने बिळं चाचपायच्या. मला वाटायचं काही हरवलंय त्यांचं.

आणि हा प्राणी युरोपातला नाहीच. १९०५ मध्ये प्रागजवळ एका सरदाराने हौसेने अमेरिकेतून आणलेले पाच मस्करॅट सोडले. पाच! तिथून युरोपभर पसरले, हॉलंडात १९४१ मध्ये पोचले. ब्रिटनमध्ये फरसाठी पाळलेले सुटले होते, त्यांनी तीसच्या दशकात पद्धतशीर मोहीम काढून सगळे संपवले. ते बेट आहे म्हणून जमलं. ओहायोत तो मूळचा रहिवासी आहे, त्यामुळे तुमचा शेवटचा मस्करॅट असा काही प्रकार नसणार, ओहायोकर. दर वसंतात नवीन येईल.

निवृत्त_उपअभियंता (१७ सप्टेंबर)

नीताताईंनी माझं अर्धं काम केलं. नवीन येणारच, हे धरून चाला. म्हणून पकडणं ही पहिली पायरी, काम त्यानंतरचं.

क्रम असा ठेवा. अप्पा म्हणतात तसं हंगामात ट्रॅपर. त्याचं काम संपलं की तळं निदान २ ते ३ फूट उतरवा, पंपाने किंवा सायफनने, सावकाश. एका रात्रीत उतरवलंत तर ओला आतला उतार घसरतो, मी घसरलेला पाहिलाय. दारं उघडी पडतील. प्रत्येक बोगदा दारापासून खोलीपर्यंत वरून उघडा खणा. नुसता बोळा कोंबायचा नाही, पूर्ण उघडायचा, तुमचं कॉंक्रीटही काढायचं. मग चिकण माती, हातात दाबल्यावर लाडू वळेल इतपत ओली, सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थरावर धुम्मस, म्हणजे ठोकून घट्ट दाबणं. धुम्मस करताना आळस केलात तर पुढच्या वर्षी तिथेच खचेल.

उतार जमेल तितका सपाट करा, आतून माती चढवून. त्यावर जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देतं, माती अडवतं), त्यावर कोनाकोनाचे दगड, सहा ते नऊ इंची. गोटे नकोत, ते घरंगळतात. पट्टा नेहमीच्या पाणीपातळीच्या १ फूट वरपासून ३ फूट खालपर्यंत. तो खणतो याच पट्ट्यात. दगड परवडत नसेल तर गॅल्व्हनाइज्ड तारेची इंचाची जाळी उतारावर सपाट अंथरून खुंट्या मारा, पण ती गंजते आणि मोवरमध्ये येते. मी दगडाचा माणूस आहे.

बांधाजवळचं पाणकणीस काढा. पलीकडच्या काठाला राहू दे, तिथे बांध नाही. बांधावर झाड लावू नका, बायकोने कितीही आग्रह केला तरी. आणि काम काढण्याआधी जिल्ह्याच्या माती-पाणी संधारण कार्यालयात जा. ओहायोत प्रत्येक काउंटीत ते असतं, तळ्याच्या बांधाचा सल्ला देतात. माझ्यावर विसंबू नका, मी तुमचा बांध डोळ्यांनी पाहिलेला नाही.

तोपर्यंत जाळी आठवड्यातून दोनदा. आणि बांधावर मोवर नेऊ नका, हाताने कापा.

टवाळ (१७ सप्टेंबर)

अण्णा, खेकड्यांबद्दल माफी. मनापासून.

ओहायोकर (२९ नोव्हेंबर)

मंडळी, हिशेब देतो.

काउंटीच्या ऑफिसातल्या बाई स्वतः येऊन गेल्या. त्यांनी काठीने आतला उतार टोचत टोचत अण्णांचीच वाक्यं इंग्रजीत म्हटली. मोवरची गोष्ट सांगितल्यावर हसल्या नाहीत, म्हणाल्या असे लोक तळ्यात उलटतात.

ट्रॅपर ९ दिवस येत होता, रोज सकाळी. चार निघाले. मला एकच वाटत होता. मोतीराम कोण, ते सांगता येणार नाही. मुलीला खरं सांगायचं की "दुसऱ्या तळ्यावर गेला" म्हणायचं यावर घरात दोन रात्री चर्चा झाली. खरं सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, तिसऱ्या दिवशी विचारलं की त्याची खोली बघायला मिळेल का. म्हणून खणताना ती होती.

पाणी अडीच फूट उतरवायला आठ दिवस घेतले. तीन दारं. दोन बोगदे छोटे, पाच-सहा फुटांचे. तिसरा मात्र माझ्या कॉंक्रीटच्या खालून वळसा घालून पुढे गेलेला. टेपने मोजला, ११ फूट, आणि तो बाहेरच्या उतारापासून दोन-अडीच फुटांवर थांबला होता. मी त्या खड्ड्यात उभा राहून एकदा तळ्याकडे पाहिलं आणि एकदा शेजाऱ्याच्या गाईंकडे.

कॉंक्रीट एका तुकड्यात निघालं, खालून पूर्ण पोकळ. अण्णा, तुमच्यासाठी फोटो काढून ठेवलाय.

माती, धुम्मस (यंत्र भाड्याने आणलं, तरी हात अजून थरथरतात), उतार अडीचला एक इतकाच जमला, कापड, तीन ट्रक दगड. माथा आठ फूट केला. पाइपाला मोठी पिंजऱ्यासारखी जाळी बसवली, चहूबाजूंनी पाणी घेते, एका बाजूने तुंबली तरी चालते.

निवृत्त_उपअभियंता (३० नोव्हेंबर)

अडीचला एक चालेल. दगडाच्या वरच्या कडेला माती नीट दाबली का? तिथे फट राहते.

११ फूट वाचून मी चहा बाजूला ठेवला.

ओहायोकर (१२ एप्रिल)

वरची कड दाबली होती, तरी दोन ठिकाणी बसली, पुन्हा भरली. तळं मार्चमध्ये भरलं. गेल्या आठवड्यात दोन दिवस धो धो पाऊस झाला, खुंटीपाशी जाऊन आलो, कोरडं. गाई तिथेच बसल्या होत्या.

आज सकाळी जाळीत पाणकणसाचे पाच-सहा तुकडे अडकलेले दिसले. टोकं तिरपी कुरतडलेली, ताजी. मुलीने आधीच नाव ठेवलंय, पण मी इथे सांगणार नाही.

निवृत्त_उपअभियंता (१२ एप्रिल)

पलीकडच्या काठावर राहतोय की बांधाकडे फिरकतोय?

ओहायोकर (१३ एप्रिल)

आज तासभर दुर्बीण घेऊन बसलो. दगडांवर आला, एका सपाट दगडावर बसून पाणकणसाचं मूळ खाल्लं, उरलेलं तिथेच टाकलं आणि पलीकडे पोहत गेला.

निवृत्त_उपअभियंता (१३ एप्रिल)

मग खाऊ दे. जाळी साफ करा.